वसाहतकारांची साखर : झाडापासून ढेपेपर्यंत

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साखर ही वस्तू आपल्या मुलांच्या इतकी परिचयाची आहे की, तिच्याविषयी वर्गात काही शिकवावयाचे असते याचा शिक्षकासही विसर पडतो. सकाळच्या चहात ती असते, सणाच्या पक्वान्नात असते आणि मूल उत्तीर्ण झाले म्हणजे हातावरही तीच ठेवली जाते. परंतु परिचयाची वस्तू हीच शिक्षणाची सर्वांत उत्तम सामग्री होय. ज्या वस्तूचे नाव मुलास ठाऊक आहे, तिचा इतिहास व भूगोल त्यास सांगितला असता तो त्याच्या मनात सहज ठसतो. यास्तव आज अमेरिकेत प्रथम वस्तीस गेलेल्या युरोपीय लोकांनी साखर कशी मिळविली, कशी साठविली व कशी वापरली, या विषयाचा विचार करावयाचा आहे. विषय दूरदेशीचा खरा. पण त्याचा एक धागा भारतातून निघालेला आहे, आणि दुसरा आजही आपल्या शाळेच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम भारताकडील धागा पाहू. उसाच्या रसापासून खडेदार साखर करण्याची विद्या भारतात फार प्राचीन काळी सिद्ध झाली. संस्कृतातील ‘शर्करा’ हा शब्द फारसीत ‘शकर’ व अरबीत ‘सुक्कर’ असा होत युरोपीय भाषांत गेला. ‘खंड’ या शब्दाचेही असेच झाले. इंग्रजीतील ‘कँडी’ हा त्याचाच वंशज. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठी नेला. पुढे इ. स. १४९३ मध्ये कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी वेस्ट इंडीजमधील हिस्पॅनिओला बेटावर नेली. तेथील उष्ण व ओलसर हवा उसास मानवली आणि त्या बेटांवर मोठमोठे मळे उभे राहिले. मात्र त्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे पकडून, साखळदंडांनी बांधून आणली गेली. तेथे तयार होणारी साखर गोड होती. पण ती गुलामांच्या घामाची व रक्ताची होती, ही गोष्ट पुढील सर्व हकीकत ऐकताना ध्यानात ठेवावी.

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर इंग्रज वसाहतकार १६२० नंतर स्थिरावू लागले. या भागास न्यू इंग्लंड असे नाव पडले. येथील हिवाळा अतिशय कडक. महिनोन्‌महिने जमीन बर्फाखाली असते. अशा हवेत ऊस होणे शक्य नव्हते. तेव्हा या लोकांस गोडासाठी तीन-चार मार्ग उरले.

पहिला मार्ग म्हणजे विकतची पांढरी साखर. ती आजच्यासारखी सुटी मिळत नसे. शुद्ध केलेला पाक शंकूच्या आकाराच्या साच्यात ओतीत. त्यातील मळी खालच्या छिद्रातून निथळून गेली की पांढरा, टणक सुळका तयार होई. हा सुळका निळ्या कागदात गुंडाळून विकीत. घरी आणल्यावर तो कोरड्या जागी ठेवावयाचा आणि लागेल तेव्हा लोखंडी अडकित्त्यासारख्या चिमट्याने त्याचे खडे तोडावयाचे, अशी रीत होती. ही साखर इतकी महाग असे की पुढे केंटकी व टेनेसी या भागांत सधन लोक तिच्यासाठी कुलुपाची लाकडी पेटी करवून घेत व किल्ली घरधनिणीच्या कमरेस असे. काटकसरी गृहिणी तो निळा कागदही टाकून देत नसत. तो भिजवून त्याच्या रंगात सूत व कापड रंगवीत.

दुसरा मार्ग मळीचा. वेस्ट इंडीजमध्ये साखर काढून घेतल्यावर उरणारी दाट, काळी मळी पिंपांतून न्यू इंग्लंडच्या बंदरांत येई. ती स्वस्त असल्यामुळे सामान्य कुटुंबाचे गोड म्हणजे मळीच असे. शिजविलेल्या घेवड्यात, मक्याच्या पिठाच्या खिरीत, आल्याच्या वड्यांत ती घालीत. याच मळीपासून रम नावाचे मद्यही गाळीत, आणि ते मद्य गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. ब्रिटिश पार्लमेंटने १७३३ मध्ये परक्या वसाहतींतून येणाऱ्या मळीवर जबर कर बसविला, आणि १७६४ मध्ये साखरेचा नवा कायदा करून वसुली कडक केली. वसाहतींतील असंतोष वाढण्यास जी कारणे झाली, त्यांत हा कायदा एक होता. चमचाभर मळीचा संबंध एका देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाशी कसा पोहोचतो, हे वरच्या इयत्तांच्या मुलांस सांगण्यासारखे आहे.

तिसरा मार्ग मधाचा. आपण ज्यांस मधमाश्या म्हणून ओळखतो, त्या जातीच्या युरोपीय माश्या उत्तर अमेरिकेत मुळात नव्हत्या. १६२२ मध्ये त्यांची पोळी जहाजातून व्हर्जिनियात आणण्यात आली. त्या हळूहळू रानात पसरल्या व पोकळ झाडांत मध सापडू लागला.

परंतु जंगलाच्या कडेला नवी वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यापाशी रोकड पैसा नसे व बंदर दूर असे. त्याला गोड दिले ते मुख्यतः एका झाडाने. त्या झाडाचे नाव शर्करा-मेपल. कॅनडाच्या ध्वजावर १९६५ पासून जे तांबडे पान आहे, ते याच मेपलच्या कुळाचे चिन्ह होय.

या झाडापासून गोड रस मिळतो, हे वसाहतकारांनी शोधून काढले नाही. सरोवरांच्या प्रदेशातील ओजिब्वे, पूर्वेकडील हॉडेनोशोनी व अबेनाकी इत्यादी मूळ रहिवाशांस ते अगोदरपासून ठाऊक होते. ते झाडाच्या सालीस तिरकी चीर देत, तिच्याखाली लाकडाची पट्टी खोचीत आणि गळणारा रस बर्च झाडाच्या सालीच्या द्रोणांत धरीत. लोखंडी भांडी येण्यापूर्वी पात्रातील रसात तापलेले दगड टाकून तो आटवीत, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते. दुसरी युक्ती अधिक मनोरंजक आहे. रस रात्री उघड्यावर उथळ पात्रात ठेवावयाचा. थंडीने त्यातील पाणी वर गोठते, तो बर्फ सकाळी काढून टाकावयाचा, म्हणजे खाली उरलेला रस अधिक गोड होतो. तयार साखर बर्चच्या सालीच्या पेट्यांत भरून, त्यांची झाकणे शिवून ती वर्षभर ठेवीत. ओजिब्वे लोक ती मिठाच्या जागी अन्नात घालीत, रानभातात मिसळीत आणि पाण्यात कालवून पीत. त्यांच्या महिन्यांच्या नावांत एक महिना मेपलचा रस उकळण्याचा म्हणून ओळखला जातो. ज्या लोकांनी महिन्यास त्या कामाचे नाव दिले, त्यांच्याकडून वसाहतकार ही विद्या शिकले. पुढे त्याच लोकांच्या जमिनी आणि मेपलची राने वसाहतकारांच्या ताब्यात गेली, हेही सत्य आहे.

आता रस झाडात कसा चढतो ते पाहू. उन्हाळ्यात मेपलची पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. त्याचा साठा पिष्टाच्या रूपाने खोडात व मुळांत राहतो. हिवाळ्याच्या अखेरीस या पिष्टाची साखर होऊन ती झाडातील पाण्यात उतरते. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत त्या देशी रात्री पाणी गोठविणारी थंडी व दिवसा ऊब, असे हवामान असते. रात्रीच्या थंडीत खोडातील सूक्ष्म पोकळ्यांतील हवा आकुंचन पावते व झाड मुळांवाटे पाणी ओढून घेते. दिवसा बर्फ वितळला की आत दाब निर्माण होतो. अशा वेळी खोडास छिद्र असेल, तर रस त्यातून थेंब थेंब बाहेर येतो. रात्र गोठली नाही किंवा दिवस उबदार झाला नाही, तर रस थांबतो. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

वसाहतकारांनी या जुन्या विद्येत आपल्या लोखंडी अवजारांची भर घातली. आरंभी ते कुऱ्हाडीने खोडात खोल खाच पाडीत. पण त्यामुळे झाडे लवकर मरत. अनुभवाने ते गिरमिटाने लहान छिद्र पाडावयास शिकले. हे छिद्र झाड काही वर्षांत स्वतःच भरून काढते. त्या छिद्रात सुमॅक नावाच्या झुडपाची, मऊ गाभा काढून पोकळ केलेली नळी ठोकीत आणि खाली कोरलेली लाकडी द्रोणी किंवा बादली ठेवीत. रस वाहून आणण्यासाठी खांद्यावर जू घेत व त्याच्या दोन टोकांस बादल्या अडकवीत. आपल्याकडील कावडीसारखेच हे साधन होय. रान मोठे असेल, तर बैलांच्या घसरगाडीवर पिंप ठेवून रस गोळा करीत. मेपलचे झाड रस काढण्याजोगे होण्यास साधारण चाळीस वर्षे लागतात. यास्तव जो शेतकरी जमीन साफ करताना मेपलची झाडे राखी, तो आपल्या नातवंडांची तरतूद करी.

रसात साखर किती असते? शेकडा सुमारे दोन भाग. उसाच्या रसात हेच प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास असते. म्हणजे एक किलो मेपल-साखर करावयाची तर सुमारे ५० लिटर रस आटवावा लागतो. उसाच्या बाबतीत सात लिटरांच्या आसपास रस पुरतो. यावरून सरपणाचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. वसाहतकार जंगल तोडीतच होते, म्हणून लाकूड त्यांस विपुल होते. एरवी हा व्यवहार परवडला नसता.

रस आटविण्याची रीत आपल्या गुऱ्हाळाशी ताडून पाहण्यासारखी आहे. गुऱ्हाळात एक मोठी काहील असते. मेपलच्या रानात आडव्या दांड्यावरून लोखंडी हंडे ओळीने टांगलेले असत. पहिल्या हंड्यातील कच्चा रस आटला की तो दुसऱ्यात, आणि दुसऱ्यातील तिसऱ्यात घालीत. गुळव्या जसा वर येणारा मळ काढून टाकतो, तसा तेथेही फेस काढीत. आपल्याकडे काहील उतू जाऊ लागली की तेलाचा थेंब टाकतात. तेथे डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने हंड्यावर टांगीत किंवा थोडे दूध टाकीत. स्निग्ध पदार्थाने फेस मोडतो, हा सृष्टीचा नियम दोन खंडांतील अशिक्षित शेतकऱ्यांनी एकमेकांस न भेटता ओळखला होता.

पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सुमारे चार अंश सेल्सिअस अधिक तापला की रसाचा पाक होतो. तो आपल्या काकवीसारखा असतो. आणखी आटविला व मग ढवळला, म्हणजे साखर होते. वसाहतकारांपाशी तापमापक नव्हता. ते डहाळीचे कडे करून पाकात बुडवीत व फुंकर मारीत. बुडबुडा धरला की पाक झाला असे समजत. अथवा चमचाभर पाक स्वच्छ बर्फावर टाकीत. तो चिवट दोरीसारखा झाला की मुलांची धांदल उडे. हा बर्फावरचा चिवट गोड पदार्थ मुले बोटांनी उचलून खात, आणि गोडाचा कंटाळा आला की मध्ये आंबट लोणचे खाऊन पुन्हा गोडाकडे वळत. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकी लेखिकेने १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ या बालकांसाठीच्या पुस्तकात विस्कॉन्सिनच्या जंगलातील अशा हंगामाचे वर्णन केले आहे.

साठवणीचा प्रश्न निराळा होता. पातळ पाक हवाबंद भांड्याशिवाय टिकत नाही. त्यावर बुरशी येते किंवा तो आंबतो. पत्र्याचे हवाबंद डबे एकोणिसाव्या शतकात सर्रास झाले. त्यापूर्वी पाक करण्यापेक्षा तो घट्ट साखरेच्या रूपाने ठेवणेच श्रेयस्कर असे. दाट पाक लाकडी साच्यांत ओतून त्याच्या वड्या व ढेपा करीत, किंवा शेवटपर्यंत ढवळून रवाळ साखर करीत. ओलसर साखर तळास भोक असलेल्या लाकडी पिंपात भरीत. पातळ पाक खाली निथळे आणि वर कोरडी साखर राही. घरी ढेपेचा तुकडा खरवडून पेजेत, फळांच्या मुरंब्यात, मांस टिकविण्यासाठी व औषधाच्या काढ्यात वापरीत. हंगामाच्या शेवटचा, चव बिघडलेला रसही फुकट जात नसे; त्याचा शिरका करीत.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील व इंग्लंडमधील काही विचारी लोकांस असे वाटू लागले की, गुलामांच्या श्रमाने झालेली साखर खाणे म्हणजे त्या पापात वाटेकरी होणे. इंग्लंडमध्ये १७९१ नंतर अनेक कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये टॉमस जेफरसन यांस मेपल-साखरेविषयी विस्तृत पत्र लिहून, ही साखर स्वतंत्र शेतकरी कुटुंबाच्या हातांनी होते, तिच्यामुळे गुलामांच्या साखरेची गरज उरणार नाही, असे प्रतिपादन केले. जेफरसन यांस ही कल्पना पटली. त्यांनी त्याच वर्षी व्हर्जिनियातील आपल्या माँटिसेलो येथील शेतावर साठ मेपलची रोपे लावविली. परंतु त्या ठिकाणची हवा पुरेशी थंड नव्हती; रोपे बहुतेक मेली. येथे एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. ज्या शेतावर ही रोपे लावली, त्या शेतावर जेफरसन यांचे स्वतःचे गुलामच राबत होते. मनात उत्तम विचार असणे आणि तो आपल्या अंगणात अमलात आणणे, या दोहोंत किती अंतर असते, याचे हे उदाहरण आहे.

मेपलने गुलामगिरी नष्ट केली नाही. एका हंगामाच्या, थंड प्रदेशातील झाडाने साऱ्या देशाची भूक भागणे शक्यही नव्हते. दक्षिणेकडील लुइझियानात १७९५ पासून रवाळ साखर काढण्याचा उद्योग वाढला आणि तेथेही गुलामच कामास लावले गेले. यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, दक्षिणेची साखर उत्तरेस मिळेनाशी झाली. तेव्हा उत्तरेकडील शेतकऱ्यांनी मेपलवर आणि त्या देशात नव्यानेच आलेल्या गोड ज्वारीच्या काकवीवर गुजराण केली. १८६५ मध्ये संविधानाच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. पुढे उसाची व बिटाची साखर स्वस्त झाली आणि मेपलची साखर मागे पडली. आज तो रस प्लास्टिकच्या नळ्यांनी गोळा होतो, त्याचा मुख्यतः पाक केला जातो, आणि जगातील मेपल-पाकाचा बहुतांश भाग कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तयार होतो.

हा विषय वर्गात कसा घ्यावा, याविषयी थोडे सांगून भाषण संपवावयाचे आहे. साधने खर्चाची नाहीत. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम साखर विरघळवून तो मेपलचा रस समजावा. प्रत्येक मुलास त्याची चव द्यावी. बहुतेकांस तो जेमतेम गोड लागेल. मग शिक्षकाने स्वतःच्या देखरेखीखाली तो शेगडीवर आटवावा, दर पंधरा मिनिटांनी उरलेल्या रसाचे माप घ्यावे व मुलांनी फळ्यावर आलेख काढावा. निम्मा आटला म्हणजे गोडी किती झाली, हे शेकडेवारीचे उदाहरण मुले न सांगता सोडवितात. नकाशावर भारत, भूमध्य समुद्र, वेस्ट इंडीज व न्यू इंग्लंड हा शर्करेचा प्रवास रेखाटावा. जवळ गुऱ्हाळ असेल, तर सहल न्यावी आणि गुळव्यास प्रश्न विचारू द्यावेत. तो त्या दिवसाचा शिक्षकच होय.

आणि मुलांस सवय लावावी ती एका प्रश्नाची : ही वस्तू कोणाच्या हातांनी झाली? ‘वसाहतकारांनी झाडापासून साखर केली’ एवढे वाक्य पाठ करणारे मूल अर्धेच शिकते. कोणाकडून शिकून केली, कोणाच्या रानात केली आणि शेजारच्या बेटांवर तीच साखर कोण करीत होते, हे विचारणारे मूल इतिहास शिकते.

हा प्रश्न आपल्याही शाळेस लागू आहे. वसाहतकारांच्या हंगामात मुले रस वाहण्यास व जाळ सांभाळण्यास जात, पण ती आपल्याच रानात जात व रात्री आपल्याच घरी निजत. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि अनेक कुटुंबे मुलाबाळांसह घर सोडून कारखान्यांकडे निघतात. ती वसंत ऋतू सरल्यावर परततात. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांचा हक्कही मान्य केला. तरीही हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरीच्या खुणा पडतात. ते मूल परत आले म्हणजे ‘याचे पाच महिने वाया गेले’ असे आपण सहज बोलून जातो. त्याने त्या पाच महिन्यांत जे पाहिले आहे, ते पुस्तकात नाही. कोयता कसा धरतात, मोळी किती जड असते, पहाटेच्या थंडीत फडात पाचटाचा जाळ कसा करतात, हे त्याला ठाऊक आहे.

म्हणून हा पाठ घेताना त्या मुलास पुढच्या रांगेत बसवावे आणि प्रथम त्यालाच बोलू द्यावे. त्याचे बोलणे फळ्यावर लिहावे. त्याच शब्दांवरून त्याचे बुडालेले वाचन-लेखन पुन्हा सुरू करावे. आणि हंगामास निघण्यापूर्वी त्याच्या आईबापांस भेटून मूल वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहू शकेल काय, निदान ज्या गावी जाणार तेथील शाळेत त्याचे नाव दाखल होईल काय, याची चौकशी करावी. साखरेचा पाठ त्या भेटीपासून सुरू होतो, असे समजण्यास हरकत नाही.